सुपरहिट मुकाबल्याची कॅसेट उतरवताना जाहिराती कापू नका

माळ्यावर नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेटा पडून असतील आणि त्यांच्या पट्टीवर कुणाच्या तरी अक्षरात ‘सुपरहिट मुकाबला’ (दूरदर्शनवरचा गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम), ‘टॉप टेन’ किंवा नुसतंच ‘टीव्हीची गाणी’ लिहिलेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्या कॅसेटा घरच्या घरी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, हे सगळं यात आहे. मी तंत्रज्ञ नाही, इंदूरला रामबागेत वाढलेली बाई आहे. पण आमच्या दादाने भरून ठेवलेल्या खोकाभर कॅसेटा मीच उतरवल्या, आणि आता नात्यातले लोक आपापली खोकी माझ्याकडे आणून ठेवतात.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाण्यांसाठी ही मेहनत करायची नाही. ती सगळी गाणी आज फोनवर आहेत, याहून कितीतरी स्वच्छ. कॅसेटवर जे आहे आणि दुसरीकडे कुठे मिळायचं नाही, ते दोन गाण्यांच्या मधलं. निवेदक बाबा सेहगलचं यमक जुळवत बोलणं, पडद्यावर गरगरत येणारा आकडा, मागच्या आठवड्यात कोण कुठे होतं त्याची पाटी, साबणाची जाहिरात, त्या जाहिरातीतली किंमत. म्हणून माझा नियम एकच: पहिल्या सेकंदापासून शेवटच्या मुंग्यांपर्यंत (सिग्नल नसताना पडद्यावर वळवळणारे ठिपके) सगळं उतरवायचं, काहीही कापायचं नाही. पुढची सगळी कृती या नियमाला धरून आहे.

हा नुसता हळवेपणा नाही. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला आणि ३० जुलै २००६ पर्यंत आठवड्यामागून आठवडा चालला. एवढी मोठी संस्था, पण साठच्या दशकातले त्याचे बहुतेक भाग त्यांनी स्वतःच पुसून टाकले. टेप महाग होती, पुन्हा वापरता येत होती, आणि गाण्यांचा जुना कार्यक्रम परत कोण बघणार, असा हिशेब. बीटल्स १९६६ साली त्या कार्यक्रमात स्वतः आले, तोही भाग गेला. २०१९ मध्ये त्यातले काही सेकंद सापडले, कारण तेव्हा कुणीतरी घरात टीव्हीसमोर ८ मिलिमीटरचा कॅमेरा धरला होता. आपल्या खोक्यातल्या कॅसेटांकडे याच नजरेने बघावं असं मला वाटतं. प्रत्येक चॅनलने आपला प्रत्येक भाग जपला असेल, या भरवशावर मी तरी बसणार नाही.

दिवाणखान्यात काय चालायचं, ते आधी

हे माहीत असलं की कॅसेट वाचता येते. ‘या आठवड्यात कोणतं गाणं कितव्या पायदानावर’ हा खेळ टीव्हीने रेडिओकडून घेतला. बिनाका गीतमाला १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली, बुधवारी रात्री आठला. अमीन सयानी विक्रीचे आकडे आणि श्रोता संघांची मतं जमवून क्रम लावत. आमची आई त्यावर वाढलेली. तिला ‘बहनों और भाइयों’ असं कुणी अदबीने म्हटलं तरच गाणं लागल्यासारखं वाटे. दूरदर्शनच्या मेट्रो चॅनलवर सुपरहिट मुकाबला आला, आणि १९९२ च्या ‘ठंडा ठंडा पानी’मुळे पोरापोरांत गाजलेला बाबा सेहगल तिथे रॅप करत आकडे सांगू लागला, तेव्हा आई म्हणाली, “हा काय बोलतोय ते त्याचं त्याला तरी कळतंय का?” आणि तरी दर आठवड्याला नेमकी त्याच वेळी तिची भाजी निवडायची असे, तीही टीव्हीसमोर बसून.

मेट्रो चॅनल आमच्याकडे केबलवाल्याच्या छत्रीतून यायचं. वारा सुटला की चित्रावर तिरप्या रेघा. त्या रेघाही कॅसेटवर आहेत, आणि त्या कॅसेटचा दोष समजून मशिनशी खेळत बसू नका. प्रसारणातच आलेला दोष दर वेळी त्याच जागी तसाच दिसतो. मशिनमुळे येणारा दोष हेड (फीत वाचणारा भाग) साफ केल्यावर किंवा ट्रॅकिंग (चित्र स्थिर करायची सोय) फिरवल्यावर बदलतो. एवढी परीक्षा पुरते.

दादा रेकॉर्ड करायचा आणि रिमोट माझ्या हातात असायचा. जाहिरात आली की पॉझ, संपली की परत चालू. कोऱ्या कॅसेटला पैसे पडायचे, म्हणून ही काटकसर. आमच्या व्हीसीआरला पॉझ पाच एक मिनिटांच्या वर सहन व्हायचा नाही, तो आपण होऊन बंद पडे. आता बघताना गंमत अशी की आमच्या कॅसेटांवर प्रत्येक जाहिरातीचे पहिले तीन-चार सेकंद आहेत, कारण ‘आली, आली, दाब!’ असं दादा ओरडेपर्यंत तेवढा वेळ जायचाच. मग चित्राला एक हिसका बसतो, आणि बाबा सेहगल अर्ध्या वाक्यात. खोलीतला आवाज अर्थातच कॅसेटवर नाही, ते रेकॉर्डिंग थेट अँटेनाच्या तारेतून होतं. पण हिसका कुठे बसतो त्यावरून त्या दिवशी माझं लक्ष होतं की नाही, ते मला आजही सांगता येतं.

कॅसेट मशिनमध्ये घालण्याआधी

इथे घाई करायची नाही. मालव्यात पावसाळाभर माळ्यावर दमट हवा कोंडते आणि कॅसेटला बुरशी धरते. कॅसेटच्या एका कडेला छोटं बटण असतं. ते दाबून पुढचं झाकण वर उचला आणि फितीकडे उजेडात बघा. फीत काळी-तपकिरी आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. मग खिडकीतून गुंडाळीची कड बघा. तिच्यावर पांढरट भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशिनमध्ये अजिबात घालू नका. ती हेड तर घाण करतेच, वर पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तीच बुरशी चिकटवते. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि हे काम करणाऱ्याकडे द्या. घरी पुसायला बसलात तर निदान तोंडाला फडकं बांधा.

कॅसेटच्या मागच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची एक छोटी टिकली असते. ती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. घरात मुलं असतील आणि मशिनवर लाल बटण असेल, तर हे काम सगळ्यात आधी करा.

फीत तुटलेली असेल तर घाबरू नका. कॅसेटच्या तळाशी पाच स्क्रू असतात. ते काढून वरचा भाग अलगद उचलायचा, आत काय कुठून फिरलंय त्याचा फोनवर फोटो काढायचा, मगच हात लावायचा. जोड द्यायचा तो फितीच्या पाठच्या बाजूने, म्हणजे जी बाजू हेडला घासत नाही त्या बाजूने, आणि स्प्लायसिंग टेपनेच, म्हणजे फीत जोडायच्या खास चिकटपट्टीने. साध्या सेलोटेपचा गोंद उष्णतेने पाझरतो आणि हेडवर जाऊन बसतो.

कॅसेट धडधाकट दिसली की ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून फितीला आलेला ताण त्याने सैल होतो.

मशिन

नवी व्हीसीआर आता कुठेच बनत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये शेवटची बनवली. म्हणजे जुनीच शोधायची. आधी नातेवाइकांना विचारा, कुणाच्या ना कुणाच्या दिवाणात एक निघतेच. आपल्याकडे पुष्कळ घरांत व्हीसीआर नव्हे, व्हीसीपी असे, म्हणजे फक्त दाखवणारी, रेकॉर्ड न करणारी. उतरवायला तीही चालते, पण एक बघून घ्या: तिला एलपी, म्हणजे नेहमीच्या एसपीपेक्षा निम्म्या वेगाने भरलेली कॅसेट, चालते का. १८० मिनिटांची ई-१८० कॅसेट एलपीवर सहा तास चालते, आणि काटकसरी घरांत सगळं एलपीवरच भरलेलं असतं, आमच्यासारखं. फक्त एसपी समजणाऱ्या मशिनमध्ये असली कॅसेट दुप्पट वेगाने पळते आणि कुमार सानूचा आवाज पोपटासारखा येतो. तसं झालं तर कॅसेट खराब नाही, मशिन बदला.

दुरुस्तीला इंदूरमध्ये मी महाराणी रोडच्या बाजूला जाते. व्हीसीआरला हात लावणारे कारागीर आता थोडे उरलेत, आणि एका दुकानात तर “मॅडम, इसको फेंको, नया ले लो” असं ऐकून बाहेर पडले. नवं घेणार कुठून? शेवटी भेटले ते एक म्हातारे चाचा. त्यांनी झाकण काढलं, आतले रबरी पट्टे बोटाने ताणून बघितले आणि म्हणाले, “मशीन अच्छी है, पट्टे गए।” नव्वद टक्के वेळा असंच असतं. पट्टे बदलले की मशिन चालते.

हेड साफ करणं मात्र घरी शिकून घ्या, कारण जुन्या कॅसेटा उतरवताना ते पुन्हापुन्हा करावं लागतं. मशिनचा प्लग काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. वरचं झाकण काढलं की मध्ये एक चकचकीत, किंचित तिरपं बसवलेलं धातूचं पिंप दिसेल. चित्र वाचणारं हेड त्याच्या कडेला असतं, नखाच्या टोकाएवढं. धागे न सुटणारा कपडा किंवा न छापलेला साधा जाड कागद घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. तो पिंपाला हलकेच टेकवून तसाच स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने पिंप वरून धरून हळूहळू फिरवा. फिरायचं ते पिंपाने. कागद वर-खाली हलवला की हेड मोडलंच समजा. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरू नका, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. कागदावर तपकिरी पट्टा उमटेल, तोच सगळा त्रास देत होता. पट्टा उमटायचा थांबेपर्यंत कागदाची जागा बदलत राहा. मग दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या. मागच्या कोपऱ्यात वीजपुरवठ्याचा भाग असतो, तिकडे बोट नेऊ नका. प्लग काढल्यावरही तिथे वीज साठलेली असू शकते.

जोडणी आणि रेकॉर्डिंग

व्हीसीआरच्या मागे पिवळं भोक चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. मशिन मोनो असेल तर आवाजाचं भोक एकच. मग पांढरी पिन लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाज मोनो करा, नाहीतर सगळी गाणी एकाच कानात ऐकू येतील. दुसरं टोक यूएसबी कॅप्चर कार्डमध्ये, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या छोट्या डबीत. बाजारात स्वस्तातली पुष्कळ मिळतात आणि त्यांतली काही अगदीच टाकाऊ असतात, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. घेतल्या घेतल्या अर्धा तास रेकॉर्ड करून शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळतात का, ते बघा. सुरुवातीला सगळीच कार्डं जुळतात.

मी ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे. त्यात चित्राचा प्रकार पाल निवडा, आपल्याकडच्या टीव्हीचा तोच. अमेरिकेतला एनटीएससी राहिला तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वर-वर सरकत राहतं, आणि माणूस उगाच कॅसेटला शिव्या देतो. आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी. कॅनव्हास ७६८ बाय ५७६ ठेवा म्हणजे ४:३ चं प्रमाण राहतं. रुंद पडदा भरायला चित्र ताणू नका. माधुरीला आडवी करून काय मिळवायचं? चित्राच्या खिडकीवर उजवं बटण दाबून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ निवडा आणि रेकॉर्डिंगचा वेग ५० करा. जुन्या टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनतं. हे केलं नाही तर नाचाच्या हालचालीत दातेरी कडा दिसतात, आणि या कार्यक्रमांत नाचाशिवाय असतं काय!

बिटरेट सेकंदाला ८ मेगाबिट पुरे. तासाला साधारण साडेतीन जीबी होतात, तीन तासांची कॅसेट अकराच्या आसपास. फाइल एमकेव्ही प्रकारात करा. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि रेकॉर्डिंग अर्ध्यात तुटलं तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. मागाहून ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते.

व्हीसीआरच्या मेनूत निळ्या पडद्याची सोय असेल तर ती बंद करा. सिग्नल कमजोर झाला की मशिन निळा पडदा दाखवते आणि खालचं खरं चित्र आपल्याला मिळतच नाही. चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार वेड्यावाकड्या रेघा नाचताना दिसतील. त्या प्रत्येक व्हीएचएसवर असतात, जुन्या टीव्हीची चौकट त्या झाकायची एवढंच. मूळ फाइलमध्ये त्या राहू द्या.

मग कॅसेट अगदी सुरुवातीला आणा, ओबीएस आधी चालू करा, प्ले नंतर दाबा, आणि उठून जाऊ नका. पहिली काही मिनिटं ट्रॅकिंग बघावं लागतं. कार्यक्रम संपला, मुंग्या सुरू झाल्या, की लोक बंद करतात. तसं करू नका. एकाच कॅसेटवर पुन्हापुन्हा रेकॉर्ड करायची पद्धत होती, त्यामुळे नव्याच्या शेपटाखाली जुनं शिल्लक असतं. आमच्या एका कॅसेटवर काउंटडाउन संपून मुंग्या आल्या, आणि मी चहा टाकायला उठणार तोच महाभारताच्या एका भागाचा शेवट उमटला. ती मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० अशी रविवारी लागे. म्हणजे कॅसेट निदान १९९० पासून घरात होती, आणि दादा म्हणत होता ९३ ला विकत आणली.

तारीख कशी लावायची

पट्टीवर तारीख जवळजवळ कुणीच लिहीत नाही. मला विचाराल तर या सगळ्या कामात खरी मजा इथेच आहे.

कॅसेट बघताना एका वहीत लिहीत जा: मिनिट, पायदान, गाणं, सिनेमा, मधल्या जाहिराती. मग सगळ्यात नवी वस्तू शोधा, कारण कार्यक्रम तिच्या आधीचा असू शकत नाही. सिनेमाच्या प्रदर्शनाची तारीख मात्र सांभाळून वापरा. तेव्हा गाणी सिनेमाच्या कितीतरी आधी बाजारात येत. ‘खलनायक’ ६ ऑगस्ट १९९३ ला लागला, पण त्याच्या गाण्यावरून गदारोळ आधीच सुरू झाला होता. म्हणून नुसतं गाणं दिसलं तर सिनेमा लागायच्या आधीचे काही महिनेही धरा. सिनेमाचीच जाहिरात असेल आणि ‘आ रही है’ म्हणत असेल तर तारीख प्रदर्शनाच्या अलीकडची, ‘हाउसफुल’ म्हणत असेल तर पलीकडची.

आमच्या एका कॅसेटवर ‘मोहरा’ आणि ‘हम आपके हैं कौन’ दोन्हींची गाणी यादीत आहेत. पहिला १ जुलै १९९४ चा, दुसरा ५ ऑगस्टचा. एवढ्याने फक्त १९९४ चा मध्य कळला. मग एका जाहिरातीत सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स म्हणून दिसली, म्हणजे २१ मे नंतरचं. पुढे एका शीतपेयाच्या जाहिरातीत फुटबॉल विश्वचषकाची हाक होती, आणि तो अमेरिकेत १७ जून ते १७ जुलै १९९४ ला झाला. असं करत करत तो भाग जून-जुलैत येऊन बसला. आता बघा, यातल्या शेवटच्या दोन खुणा जाहिरातींनी दिल्या. पॉझचं बटण मी वेळेवर दाबलं असतं तर त्या मिळाल्या नसत्या.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आणि खात्री नसेल तिथे नावातच ‘अंदाजे’ लिहा. दहा वर्षांनी भाचे-पुतणे बघतील तेव्हा तुमचा अंदाज त्यांना पुरावा वाटायला नको.

दुकानातून करून घ्यायचं असेल तर

मशिन मिळाली नाही किंवा वेळ नाही, तर लग्नाचे व्हिडिओ करणारे काही जण हे काम करतात. सांगताना स्पष्ट सांगा: काही कापायचं नाही, जाहिराती ठेवायच्या, मुंग्याही ठेवायच्या, वर आपलं नाव टाकायचं नाही, खाली संगीत लावायचं नाही. हे सगळं ऐकून माणूस विचित्र नजरेने बघेल, बघू दे. एका ठिकाणी मावशीच्या कॅसेटा ‘साफ करून’ मिळाल्या, म्हणजे नुसती गाणी, एकामागून एक. मावशी म्हणाली, “छान झालंय गं,” आणि पुन्हा कधी तिने ती लावली नाही. सीडी किंवा डीव्हीडी नको, पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागा, आणि एक कॅसेट आधी देऊन बघा.

फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची दुसरी पुण्याला दादाकडे आहे. इंटरनेटवर पूर्ण भाग टाकायच्या भानगडीत पडू नका. संगीत कंपन्यांचा हक्क आहे, आणि यूट्यूब गाणं ओळखून पुष्कळदा अडवतं. घरात बघा, नातेवाइकांना बोलावून बघा.

कॅसेटाही टाकून देऊ नका, पुढे याहून चांगलं कार्ड मिळालं तर पुन्हा उतरवता येतील. पूर्ण मागे फिरवून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा. माळ्यावर नको, आणि स्पीकरच्या शेजारीही नको, त्यात चुंबक असतं.